वापसीभाऊंचा बिस्किटांचा डबा

वापसीभाऊंवर मी जळायचो. उगाच गोडगोड कशाला लिहू? बालाघाटच्या बसस्टँडजवळच्या कंप्युटर सेंटरमध्ये शिकवायला आम्ही दोघंच. पदवी माझ्याकडे, ते बारावी पास, पण मशीन अडलं की सेंटरचे मालक, आमचे सर, ओरडायचे, "वापसीभाऊ को बुलाओ!"

नाव पडलं ते त्यांच्या सवयीवरून. कुठल्याही प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकण्याआधी जुनीची सीडी नंबर घालून ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. नवी बिघडली की पाच मिनिटांत जुनी परत! "पुढं जाय बाबू, पण वापसीचं तिकीट खिशात ठेव," म्हणायचे. घरी लोणच्याच्या बरण्यांवरही नंबर, त्यांची बायको, आमच्या काकू, वैतागायच्या.

सरांना कटंगीला शाखा काढायची होती. तिथलं प्रमुखपद मला हवं होतं, बस्स.

अशात भाऊ हट्टा गावी लग्नाला गेले आणि भरवेलीच्या एका शाळेचे निकाल छापताना प्रोग्राम अडकायला लागला. डब्यात त्याच्या दोन सीड्या होत्या, २.९ आणि २.१०. मशीनवर २.१० चालू होता. दशांश मला चौथीपासून येतात! २.९ मोठा, म्हणजे नवा. "भाऊ जुन्यालाच चिकटून बसलेत," असं सरांना ऐकवत मी तो ऐटीत टाकला. आवृत्त्यांत नऊनंतर दहा येतो, हे डोक्यात आलंच नाही. त्या जुन्या प्रोग्रामनं नवी फाइल उघडली आणि साऱ्या शाळेचे गुण साफ!

दुसऱ्या दिवशी भाऊंनी २.१० परत टाकला. गुणांची प्रतही त्यांनी जपून ठेवलेली होती. सर माझ्यावर कडाडले, तेव्हा भाऊच मध्ये पडले. "माह्यीच चूक हाय सर. आधीची कोणती, नंतरची कोणती, मीच लिहलं नाई. याले काहून बोलता?"

दोष भाऊंच्या माथी गेला. कटंगी मला मिळाली.

निघताना विचारलं, "भाऊ, असं काहून केलं?"

"तुले पाह्यजे होती ना? मंग जाय."

भाऊ वारले तेव्हा काकूंनी डबा माझ्या हाती दिला. २.९ वर निळ्या शाईत, माझ्या त्या घोळानंतर लिहिलेलं, 'आधीची'. २.१० वर, 'नंतरची'. बाकी एकाही सीडीवर असं काही नव्हतं.

चूक माझीच होती, हे सरांना मी कधीच सांगितलं नाही. माझ्या जागी भाऊ असते तर त्यांनी त्याच क्षणी सांगून टाकलं असतं. म्हणून अजूनही जळतो मी त्यांच्यावर.