मारुतीखालची वानरीण

आमच्या सेक्टरातल्या मारुतीच्या देवळाला लोक माझं देऊळ म्हणतात. हनुमान जयंतीला पहिला नारळ माझ्या हातून फुटतो आणि कमिटीतला एखादा मुलगा माइकवर सांगतो, की प्लांट उभा होत होता तेव्हा या बाबाजींनी एका मेलेल्या वानराला माणसासारखी माती दिली. माती दिली हे खरं आहे. कशासाठी दिली, ते माझ्या बायकोला ठाऊक होतं. ती आता नाही.

तेव्हा मी सर्व्हेच्या टोळीत जमीन मोजायची साखळी धरायचो. भंडाऱ्याकडून आलेला, मस्टर रोलवरचा माणूस; आज आहे, उद्या नाही. भिलाई म्हणजे धानाच्या बांध्या, तलाव आणि त्यांच्यातून आभाळात चढत चाललेलं लोखंड. लाल धूळ इतकी, की पांढरा सदरा फक्त दुर्गच्या बाजारात दुकानात टांगलेला दिसायचा. आम्ही टिनाच्या शेडमध्ये राहायचो. संध्याकाळी एका बाजूने तेलुगू घरातल्या चिंचेचा वास, दुसरीकडून पंजाब्याच्या तंदूरचा, मधे आमचा भात. उन्हाने टोमॅटोसारखे लाल झालेले रूसी साहेब रस्त्याने जाताना आम्हाला नमस्ते करायचे. त्या संध्याकाळी आता आठवल्या की त्यांतली गरिबी दिसत नाही, नुसता वास येतो.

शेडच्या मागे आमराई होती. तिचं गाव उठून गेलं होतं, झाडं राहिली होती, आणि झाडांवर काळ्या तोंडाच्या वानरांचा कळप.

त्या वानरांचा अभ्यास करायला पुण्याहून एक सर आले. सडपातळ, गळ्यात दुर्बीण, बोलणं पुस्तकासारखं. आमच्या इंजिनिअर साहेबांनी मला सांगितलं, ड्यूटी झाली की यांच्यासोबत फिर, तुला इथली जमीन माहीत आहे. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “एकच गोष्ट सांभाळा. यांना कुणी काही खायला घालू नका. आमराई तुटायला लागली आहे. हे कुठे जातात, कशावर जगतात, तेच मला बघायचंय. तुमचा शब्द द्या.”

“देल्ला सर.”

सरांनी मला बघायला शिकवलं. मी जन्मभर वानरं पाहिली होती, पण कौलं फोडणारी म्हणून. सर म्हणाले, “ती कान फाटलेली वानरीण दिसते ना? तिचं पोर शोधा.” ते काळंभोर पोर दुसरीच्या पोटाला होतं. तेवढ्यात तिसरीने ओढून घेतलं, चौथी हात पसरून बसली. आई मात्र निवांत पाला खात होती. “सगळ्या मावश्या,” सर म्हणाले. “तान्हं पोर म्हटलं की यांना धीर धरवत नाही.”

घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. आमचं पहिलं मूल गावीच दगावलं होतं. शेजारणींशी बोलायला तिला ना हिंदी यायची, ना छत्तीसगढी. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या दारात बसायला लागली. कानफाटी आधी दूर बसायची, मग शेडच्या पत्र्यापाशी. एक दिवस पाहिलं, बायकोच्या हातात पोळीचा तुकडा होता आणि तो कानफाटीच्या हातात गेला.

मी रागावायला हवं होतं. म्हणालो, “अवं, सरले शब्द देल्ला मी.”

“लेकुरवाळी हाय ते. दारातून उपाशी पाठवू?”

पुढे दुर्गच्या बाजारातून शनिवारी चणे मीच आणायला लागलो, म्हणून दोष तिचा नाही. घरात हसणं ऐकू यायचं, ते मला बंद करायचं नव्हतं.

झाडं पडत गेली. सर चक्रावले. “एव्हाना हे शिवनाथ नदीकडे जायला हवे होते. पाला उरला नाही, तरी हलत नाहीत. जगतात कशावर?” मी पायाकडे बघायचो. सर इंजिनिअर साहेबांच्या बंगल्यावर जेवायला जात. माझ्या कायम नोकरीबद्दल ते तिथे एक शब्द टाकणार होते. दिलेला शब्द मी मोडला हे कळलं असतं, तर त्यांनी आपला शब्द कशाला टाकला असता?

शेजारच्या खोलीत नागपूरकडचा एक रिगर राहायचा, क्रेनवर माल बांधणारा. नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला, जिभेचा तिखट. त्याने सगळं पाहिलं होतं.

“काबे, साहेब दुर्बिणीतून शोधून राहिला, अन् वांदरं तुह्या सयपाकघरात.”

“हळू बोल न बे.”

“मी कावून सांगू कोनाले? पोळीसाठी तू गाव सोडलं, मीबी सोडलं. वांदरानं काय घोडं मारलं?”

शेडमागून नव्या तारा गेल्या होत्या. बरेच दिवस त्यांच्यात करंट नव्हता आणि वानरं त्यांच्यावरून फांदीसारखी चालायची. एका सकाळी करंट सोडला. कानफाटी आमच्याच दारातून तारेवरून परतत होती; जागीच मेली. पोर तेव्हा एका मावशीजवळ होतं, म्हणून वाचलं.

शेडमधली सगळी माणसं जमली. सर धावत आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “वाईट झालं. पण हिचं पोट मला बघू द्या. हे कशावर जगतात ते आज कळेल.”

तिच्या पोटात बायकोने नुकतेच घातलेले भिजवलेले चणे होते.

मी ओरडलो, “मारुतीचं लेकरू हाय! चिरफाड होऊ देनार नाही!”

तो आवाज कुठून आला, कळलं नाही. पण मग कुणाला थांबवता आलं असतं? कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी कोरं कापड, तेलुगू बाईने केसांतला गजरा काढून दिला. परांचीच्या बांबूंची तिरडी झाली. छत्तीसगढी बाया रामाचं नाव गात मागे चालल्या आणि सगळ्यांच्या पुढे मी. सरांनी टोपी काढली. “श्रद्धेपुढे मी काय बोलणार,” एवढंच म्हणाले.

रिगर कुंकवाला शिवला नाही. “पूजा करनार नाही, खड्डा खनतो,” म्हणाला, आणि खणला. माती लोटताना माझ्या कानाशी आला. “देवाले बी साक्षीदार बनवला का बे?”

बायको बाहेर आली नाही. तिने उरलेले चणे चुलीमागे पुरले आणि त्यानंतर मागचं दार उघडलं नाही.

सर लवकरच पुण्याला गेले. जाताना म्हणाले, “झाडं गेली तरी हे जागा सोडत नाहीत. मोठी गोष्ट आहे ही.” त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मी कायम झालो. आणि सर गेल्यावर काही दिवसांतच कळप निघाला. मी ड्यूटीवरून येताना पाहिलं. बांध्यांवरून रांगेने शिवनाथेकडे, कानफाटीचं पोर एका मावशीच्या पोटाला. ते बघायला सर नव्हते.

बऱ्याच वर्षांनी सर विद्यार्थी घेऊन आले. तोवर त्या मातीवर मारुतीचं दगडाचं देऊळ झालं होतं. त्यांनी मुलांना तिथेच उभं केलं आणि सांगितलं, “हा कळप जागेला चिकटून राहिला.” मुलं माना डोलवत होती. बायकोने मागून माझा सदरा ओढला. “सांगा न आता.” माझ्या हातात ताट होतं. मी म्हणालो, “सर, प्रसाद घ्या.”

सर असतील की नाही, ठाऊक नाही. ती मुलंही आता म्हातारी झाली असतील, त्यांनी पुढे आणखी मुलांना शिकवलं असेल. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलंच तर: तो कळप जागेसाठी थांबला नव्हता. आमच्या पोळीसाठी थांबला होता. पोळी बंद झाली, तसा गेला. आधीच बंद केली असती, तर कानफाटी कळपासोबत गेली असती.

यंदाच्या हनुमान जयंतीला नारळ दुसऱ्या कुणाकडून फोडून घ्या, असं मी कमिटीला कळवलं आहे. त्यांना वाटलं, बाबाजींचे गुडघे दुखत असतील. त्याऐवजी थोडा वेळ माइक द्या म्हणालो. मुलं खूश झाली. मी भजन म्हणणार, असं त्यांना वाटतंय.