सवयीचा हात

मित्रांनो, आज सकाळी प्रताप नगरात आमच्या घरी देवराव आला. ऐंशीच्या दशकात एक अख्खा हंगाम आम्ही दोघं नागपूरकर व्यावसायिक गोल्फ स्पर्धा खेळत फिरलो.

आपल्याकडे तेव्हा होलभोवती, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याभोवती, तेल घातलेली रेती असायची. चेंडू ढकलण्याआधी ती हाताने सारखी करायची. कलकत्त्याला मात्र हिरवंगार गवत, आणि चेंडूच्या वाटेला हात लावला की दोन फटक्यांचा दंड.

शेवटच्या होलवर माझा हात सवयीने खाली गेला. देवरावने मनगट धरलं.

"थांब गा, रेती नाही हे."

मी पुढच्या फेरीत गेलो, तो एका फटक्याने राहिला.

आज पोहे खाताना टेबलावर सांडलेली शेव मी हाताने सारखी करत होतो. त्याने पुन्हा मनगट धरलं आणि तो हसला. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं.

"काहून थांबवलं गा मले? मले दंड पडला असता त माया जागी तू गेला असता."

"चेंडू ढकलायचा तुया नंबर पहिले होता, तुया हात पाहून मले आठवलं. नाहीतर मायाच हात रेती समजून गेला असता."

तुमचं मनगट असं वेळेवर कोणी धरलं होतं? मी देवरावचे आभार आज मानले, पण त्याला चाळीस वर्षं लावली. तुम्ही लावू नका.