न्हाणीच्या पत्र्यावरचे वीस दात

१७ एप्रिल २०१६, रविवार, दुपार. टँकर आला नाही. दोन घागरी शिल्लक. उदगीर जिल्हा होणार, अशी पेपरात पुन्हा बातमी. नागूबाईने दात फेकले.

शिवकन्याबाईंच्या रोजनिशीतली ही शेवटची ओळ सोडली, तर त्यांच्या लातूरच्या घरात त्या दिवशी विशेष काही घडले नव्हते.

नागूबाई मूळची उदगीरची. बारा वर्षे इथली धुणीभांडी करत होती आणि विचारून काम करणे तिला कमीपणाचे वाटे. माडीवर दंतवैद्यकीची विद्यार्थिनी महादेवी भाड्याने राही. तिच्या खोलीत नागूबाईला पाण्याच्या दोन वाट्या दिसल्या, एक काचेची, एक स्टीलची. प्रत्येकीत उपटलेले दहा दात आणि दर दातावर चिकटवलेली चिमुकली धातूची चौकट, वाकडे दात सरळ करायची तार अडकवायची.

पडलेला दात घरात ठेवायचा नसतो, शेणात गुंडाळून छपरावर टाकायचा असतो. पण जनावरे दुष्काळी छावणीत गेलेली, शेण कुठले? नागूबाईने दात तसेच न्हाणीच्या पत्र्यावर भिरकावले. पाणी कढीपत्त्याला घातले.

महादेवी आली आणि रिकाम्या वाट्या बघून रडायलाच लागली.

"मावशी, ते उद्या सरांना दाखवायचे होते! नाहीतर माझा प्रबंधाचा विषयच रद्द करतील."

"असला कसला इषय?"

"चौकट चिकटवण्याआधी दाताला प्रायमर लावतात. तोंडात ओल असते. ओलीतही कुठला प्रायमर घट्ट धरतो, ते बघत होते. सर म्हणतात, सगळे सारखेच."

"भितीला लावत्यात त्योच का?"

"त्याचाच भाऊ."

"मग रडून काय राहिल्या? शिडी धरा."

वर चढून नागूबाई ओरडली, "काचंचे ह्या कडंला हायत, स्टीलचे त्या कडंला."

"वेगळे टाकलेत?"

"मग? दोन वाट्या म्हंजी एक गड्यांची, एक बायांची. मिसळीन का मी?"

खाली आल्यावर मोजले. काचेच्या वाटीतल्या, साध्या प्रायमरच्या दहांपैकी सात चौकटी पत्र्यावर आपटून निखळल्या होत्या. स्टीलच्या वाटीतल्या, ओल सोसणाऱ्या प्रायमरची एकच.

महादेवीने सरांना फोन लावला आणि नागूबाईसकट सगळे खरे सांगितले. पलीकडे बराच वेळ खोकल्यासारखे हसू चालले होते.

"हा पुरावा नव्हे," सर म्हणाले.

"नाही, सर."

"पण विषय राहू दे. नवे दात जमव, किती जोराने चौकटी निघतात ते मशीनवर ओढून बघ. आणि वाट्यांना झाकणं घाल."

"त्या मशीनला म्हणावं, जोर किती लावायचा ते मला इचार," नागूबाई पदराला हात पुसत म्हणाली.

संध्याकाळी शिवकन्याबाईंनी त्याच पानावर खाली लिहिले: दात धुण्यात अर्धी घागर गेली. दीड उरली.