दाराआडच्या पंचवीस रेघा

शाळेची घंटा गेली एकोणीस वर्षं शिपाईमावशीच देत होती. त्यामुळे शाळा कुठल्या दिवशी भरली आणि कुठल्या दिवशी नाही, हे तिला हेडसरांपेक्षा पक्कं ठाऊक असायचं.

नियम असा होता की मूल शाळेचे सलग तीस दिवस आलं नाही, तर पटावरून त्याचं नाव कमी करायचं. बांधकामावरच्या मजुरांची पोरं या नियमात अलगद सापडायची. म्हणून मावशीनं स्वतःची पद्धत काढली होती. रोज सकाळची घंटा दिली की सामानाच्या खोलीच्या दाराआड ती गैरहजर मुलाची एक रेघ खडूनं ओढायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून नावाच्या जागी खुणा होत्या: कुणाची पिशवी, कुणाच्या दोन वेण्या. पंचवीस रेघा भरल्या की ती त्या पोराच्या दारात जाऊन उभी राहायची आणि एका दिवसासाठी का होईना, त्याला वर्गात आणून बसवायची. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! हेडसरांच्या हे भयंकर डोक्यात जायचं. असल्या पोरांमुळे शाळेचा निकाल घसरतो, असं त्यांचं मत. पोरं आहेत म्हणून शाळा आहे, हे त्यांना कोण सांगणार?

दोन वेण्यांवाली तिसरीत होती. तिच्या पंचवीस रेघा झाल्या, तशी शाळा सुटल्यावर मावशी बांधकामावर गेली. पोरगी विटांच्या ढिगाशेजारी धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती. हिला कोण बघणार, एवढंच ती म्हणाली. मग मी काय मेलेय का, असं मावशीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी तान्हीला कडेवर घेऊन, थोरलीचं बोट धरून मावशी शाळेत दाखल झाली.

हजेरी झाली, पण पोरीचं नाव काही आलं नाही. पटावर तिच्या नावावर लाल रेघ होती, आदल्याच दिवशी मारलेली. तीस दिवस भरले, हेडसर म्हणाले. वर, शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे, हेही सुनावलं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरीत असताना तिचंही नाव असंच कमी झालं होतं आणि तेव्हा तिच्या बाजूनं कुणी चकार शब्द काढला नव्हता. पहिल्या तासाची वेळ झाली होती. तिनं घंटेचा हातोडा कमरेला खोचला.

"माझ्या रेघा पंचवीसच भरल्यात. ज्या दिवशी मी घंटाच दिली नाही, त्या दिवशी ही पोरगी गैरहजर कशी, सर? पट काढा आणि मोजा. तोवर घंटा होणार नाही."

नोकरी जाईल, असं सर म्हणाले. जाऊ दे, पण आधी मोजा, असं ती म्हणाली. बाई-मास्तर दारांत येऊन उभे राहिले. पोरं तर खूशच होती. हिला एकदाचं गप्प करावं म्हणून सरांनी तावातावानं पट उघडला आणि बोट ठेवून मोजायला लागले. मध्येच बोट अडखळलं. चार रविवार आणि एक सुट्टी त्यांनी गैरहजेरीत धरली होती, आणि त्या रकान्यांत 'सुट्टी' असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. उरले बरोबर पंचवीस.

तरी सरांनी पळवाट काढलीच. नवा अर्ज करा, जन्मदाखला आणा, मग यादीत शेवटी नाव घालू.

"शेवटी नाही," मावशी म्हणाली. "होतं तिथंच."

सरांनी लाल रेघेच्या वर नाव लिहिलं. वर्गात पुन्हा हजेरी झाली. पोरगी इतक्या जोरात 'हजर' म्हणाली की कडेवरची तान्ही दचकून रडायलाच लागली. तिला एका हातानं थोपटत मावशीनं दुसऱ्या हातानं घंटा दिली, चांगली वीस मिनिटं उशिरा.

दुपारी मेमो आला. घंटेला उशीर का झाला, याचा लेखी खुलासा करावा. मावशीला लिहिता येत नाही, हे सरांना चांगलंच ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत मावशीनं दोन वेण्यांवालीला बोलावलं, पुढ्यात कागद ठेवला आणि सांगितलं. पोरीनं जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं:

'सरांना मोजायला उशीर झाला, म्हणून घंटेला उशीर झाला. ही मुलगी आता रोज येणार आहे. धाकटी माझ्याजवळ बसेल.'

मावशीनं खाली अंगठा उठवला आणि तान्हीला कडेवर घेऊन तो कागद स्वतःच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.