संत्र्याचा घाम

हे मी आजवर कोणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि मारुतीसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही. तिथं पोरीच्या नोकरीचं मागितलं आणि निघून आलो. तसा मी बोलका माणूस. सौंसरच्या आमच्या घरात लग्न असो की तेरवी, जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "काका, ते विमानाचं सांगा ना." आणि काका सांगतात. हातवारे करून, घंटीचा आवाज काढून. लोक हसून हसून लोळतात.

त्या गोष्टीतलं एक वाक्य खोटं आहे. बाकी सगळं खरं, म्हणूनच ते एक खपून गेलं.

मी मालवाहू विमानांवर होतो. पायलट नव्हे बरं — नातेवाईक तसं समजतात, आणि मी फारसं दुरुस्त करत नाही. माल नीट लादला, बांधला की नाही ते पाहायचं आणि मालासोबत उडायचं, एवढंच काम. हमालांचा मुकादम, फक्त आकाशातला. माझ्यासोबत मिलिंद असायचा, रामाकोन्याचा, विमानाचा मेकॅनिक. मला दादा म्हणायचा.

त्या दिवशी पांढुर्ण्याकडचा संत्रा भरला होता. आता संत्र्याचं असं आहे — झाडावरून तोडला की त्याला घाम सुटतो. आमच्याकडे तोडलेला माल सावलीत पसरून ठेवतात, घाम जिरला की मग पेट्या भरतात. व्यापाऱ्याला घाई असली की ओलाच भरतो. मग बंद विमानात तो वाफ सोडतो, आणि धूर ओळखणारं यंत्र त्या वाफेलाच धूर समजून बोंबलतं. असं आधी एकदा झालं होतं आणि मीच ते ओळखलं होतं. तेव्हापासून कॅप्टनसाहेब मला संत्र्याचा डॉक्टर मानायचे. मलाही आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

भर दुपारी, ढगांच्या वर, घंटी वाजली. लाल दिवा. मालाच्या भागात आग.

साहेबांनी विमान जवळच्या विमानतळाकडे वळवायला घेतलं आणि मला म्हणाले, मागं जाऊन पाहा. मागं म्हणजे — आमच्या बसायच्या जागेमागे एक दार, दाराला पंज्याएवढी काच, काचेपलीकडे माल. धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर चढवायची एक हवाबंद टोपी असते; एकदा सुरू केली की थोडा वेळ चालते आणि संपते. आमच्या बाजूला ती एकच होती. मी चढवली. घरी सांगताना इथं म्हणतो, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा दिसत होतो. इथं लोक हसतात.

दारापर्यंत गेलो. आणि —

कसं सांगू? काच तोंडासमोर होती. फक्त पाहायचं होतं. पण पाहिलं, आणि पलीकडे खरंच ज्वाळा असल्या तर? पाहत नाही तोवर ती वाफच आहे, असं काहीतरी मनानं धरलं. मी डोळे मिटले. काचेसमोर, टोपीच्या आत, लहान पोर मिटतं तसे घट्ट. मग वळलो आणि येऊन सांगितलं, "काही नाही सर. संत्र्याची वाफ."

"पक्का देखा?"

"सर, घरचं पीक आहे. मले नाही समजणार?"

घंटी बंद केली. विमान पुन्हा आपल्या वाटेला लागलं. मिलिंद हसलासुद्धा. म्हणाला, "दादा, तुमचा हा संत्रा एक दिवस आपल्याले मारते पाहा."

आग संत्र्याच्या मागे होती, बॅटऱ्यांच्या खोक्यांत. दाराच्या फटीतून धूर येऊ लागला तेव्हा मिलिंद उठला. टोपी मागितली. ती माझ्या हातात होती — संपलेली. त्यानं दुपट्टा ओला करून तोंडाला बांधला, आग विझवायचं नळकांडं उचललं आणि आत गेला. मी दार धरून उभा. त्याचा खोकला ऐकू येत होता, मग तोही येईना.

विमान उतरलं, मिलिंदला बाहेर काढलं. सगळे वाचले — असंच म्हणतात, सगळे वाचले. घरच्यांनी जामसांवलीच्या मारुतीपुढे नवसाचा रोडग्यांचा स्वयंपाक केला, आणि तिथंच, पंगतीत वांग्याची भाजी वाढता वाढता, मी ती गोष्ट पहिल्यांदा रंगवून सांगितली. चौकशीवाल्यांना तर सांगून झालीच होती: मी पाहिलं, तेव्हा आग नव्हती.

मिलिंदची छाती कायमची गेली. आता तो रामाकोन्याला घरीच असतो. अंगणातून ओसरीवर चढला की खाटेवर बसून घेतो. एका वाक्यात दोनदा थांबतो. मी अधूनमधून जातो. संत्रा नेत नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

परवा गेलो होतो. त्याची बायको सुनंदा चहा ठेवायला आत गेली, तसा तो म्हणाला, "दादा, एक गोष्ट सांगू काय? घंटी वाजली ना, तेव्हाच मले वास आला होता. जळकट. पण तुम्ही पाहून आले, मंग म्हटलं आपल्या नाकालेच भरम झाला." थांबला. श्वास गोळा केला. "तेव्हाच बोललो असतो, तं लवकर उतरलो असतो. चूक माह्यीच हाय, दादा. रोज हेच डोक्यात घुमून राह्यलं."

इतकी वर्षं! माझं पाप स्वतःच्या छातीवर ठेवून हा माणूस श्वास ओढतो आहे, आणि मला पत्ताच नाही? मी पाहिलं नव्हतं, मिलिंद. एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात सुनंदा कप घेऊन बाहेर आली — आणि मी काय बोललो, माहीत आहे?

"जाऊ दे ना बे," म्हणालो. "होते असं कोणाच्याही हातून."

त्यानं डोळे पुसले. बरं वाटलं त्याला. मी चहा प्यालो आणि त्याला माफ करून सौंसरला परत आलो.