कोरे रकाने

महायुद्धाच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या एका मत्स्यसंशोधन कचेरीचे कागद, तिथे धोका नको म्हणून, नगरला हलवले. कागदांमागोमाग एक साहेब आले. समुद्राचं पाणी बारीक जाळीतून गाळायचं आणि त्यात तरंगणारे जीव, म्हणजे प्लवक, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, हे त्यांनी सात वर्षं केलं होतं. आता डोळे अधू झालेले. पेट्या भरभरून आकडे होते. त्यांची महिनेवार सरासरी काढायला माणूस हवा होता. मी शाळेत गणित शिकवायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामा होतो. समुद्र कधी पाहिला नव्हता. पण बेरजेला पोहता यावं लागत नाही.

साहेबांनी माझे तक्ते डोळ्यांशी धरून पाहिले.

"मास्तर, आषाढ-श्रावणात पाणी हिरवं व्हायचं हो, इतके जीव असायचे. तुमचा तक्ता म्हणतो, समुद्र ओस. कुठे चुकलं तर नाही ना?"

चुकलं? आणि माझं? "दोनदा पडताळलंय," मी ताडकन म्हणालो.

'पावसाळ्यात प्लवक सर्वांत जास्त' हे त्यांच्या अहवालातलं मुख्य वाक्य होतं. सात वर्षांचं सार तेवढंच.

"मग मलाच भ्रम झाला असेल," ते म्हणाले. "सोमवारी खोडतो ते वाक्य." मला वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही.

रविवारी पारनेरला घरी गेलो. वडील मामलेदार कचेरीत पावसाची नोंद ठेवत. पाऊस नाही, तर रकाना कोरा. वर्षअखेरीला कोऱ्याचं शून्य. लहानपणापासून हीच रीत पाहिलेली, म्हणून साहेबांचे कोरे रकानेही मी शून्यच धरले होते. आमच्या तालुक्यात कोरे दिवसच जास्त, शंका कशाला येईल?

वडिलांना साहेबांची गंमत सांगता सांगता पावसाच्या वहीची घरातली जुनी नक्कल चाळत होतो. आई गेली तो आठवडा समोर आला. सगळा कोरा.

"अण्णा, तेव्हा तर पावसात चितेवर पत्रे धरावे लागले होते!"

"मग? सुतकात मी कचेरीत जाणार होतो होय? मोजलंच नाही, तर लिहू काय?"

साहेबांचे कोरे रकाने माझ्या डोळ्यांसमोर आले.

सोमवारी पहिल्या मोटारीने नगर गाठलं. साहेब लेखणी घेऊन बसलेच होते.

"साहेब, तुमच्या कागदांत कोरा रकाना म्हणजे काय?"

"होडी निघाली नाही, तो दिवस. पावसाळ्यात निम्मे दिवस तसेच, उधाणात कोण जातंय समुद्रात?"

"मी तिथे शून्य धरलं, म्हणून पावसाळ्याची सरासरी पडली. चूक माझी आहे."

ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"म्हणजे मी बरोबर पाहिलं होतं," एवढंच म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसत बसले.

शाळा उघडेपर्यंत सगळे तक्ते नव्याने केले. वाक्य राहिलं. पारनेरच्या वहीतला तो आठवडा मात्र कोराच आहे. आई गेली तेव्हा, सरकारी बेरजेप्रमाणे, पावसाचा थेंबही पडला नव्हता.