आखूड पडलेला करदोडा

धाकटा भाऊ फुलांच्या मळ्यातच छातीवर हात धरून खाली बसला आणि गेला. तेव्हापासून माझा गडावरच्या देवीशी अबोला होता. भजनात तो गायचा, मी टाळ धरायचो. ते टाळ खुंटीला अडकवले ते अडकवलेच. मन लागेना की मी काहीबाही खात बसायचो. जिना चढताना धाप लागायची. आता आपली पाळी, हे मनात पक्कं बसलं होतं, पण दवाखान्यात जायचा धीर होत नव्हता.

चैत्रात गडावरच्या यात्रेतून नवा करदोडा आणायचा आमच्या घरात रिवाज आहे. त्या वर्षी बायको एकटीच गेली आणि माझ्या जुन्या मापाने दोरा घेऊन, देवीच्या पायांना लावून आली. मी तो कमरेला बांधायला गेलो, तर टोकाला टोक मिळेना.

"दोरेवालीनं फसवलं तुला," मी म्हणालो.

बायकोला हसू आवरेना. "अहो, ती कशाला फसवतीय? दोरा हाय तेवढाच हाय. तुमचं पोटच लय पुढं गेलंय!"

मी चिडलो. दुसऱ्या दिवशी पंचवटीच्या बाजारात मळ्यातली फुलं विकून झाल्यावर एका टपरीवर लांब करदोडा मागत तणतणत होतो. शेजारी एक वयस्कर बाई हार घेत होत्या. देवळाली कॅम्पात राहायच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. "दादा, लांब घेऊ नका, हाच सांभाळून ठेवा," त्या म्हणाल्या. "वजनकाटा सांगत नाही ते कधीकधी पोटाचा घेर सांगतो. घेर वाढला की हृदयाचा धोका वाढतो." मग हळूच विचारलं, "आणि मन कसं आहे?"

भाऊ गेल्यापासून 'जेवलास का' सगळ्यांनी विचारलं होतं, हे कुणीच नव्हतं विचारलं. झेंडूच्या रिकाम्या क्रेटवर बसून मी भर बाजारात रडलो. त्या बाई थांबल्या, रिक्षा केली आणि मला ओळखीच्या डॉक्टरांकडे बसवूनच गेल्या. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

डॉक्टरांनी टेपने पोट मोजलं, कार्डिओग्राम काढला. रक्तदाब वाढला होता, पण हृदय शाबूत होतं. त्यांनी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं आणि म्हणाले, "दुःख एकट्याने गिळू नका, तेही हृदयाला जड जातं." त्याच संध्याकाळी मी टाळ खाली काढले. भजनी मंडळात भावाचं नाव निघालं, आम्ही सगळेच रडलो, मग त्याच्या खोड्या आठवून पोट धरून हसलोही. किती दिवसांनी मी हसत होतो!

यंदा चैत्रात डॉक्टरांना विचारून मी गड पायी चढलो. देवीसमोर तोच दोरा कमरेला लावला. टोकाला टोक मिळालं, गाठ बसली, वर थोडा दोराही उरला. बायको म्हणाली, "बघा, आईला ठावं होतं तुमचं माप." भावाचं आवडतं भजन मी तिथंच म्हटलं, बेसूरच, पण मोकळ्या गळ्याने.

त्या बाईंना देवीने पाठवलं का, ते मला ठाऊक नाही. मी लांब दोरा मागत होतो. बरं झालं आई, तू आखूडच दिलास.